किनेक्ट, वाळू आणि सोर्सवरून बिल्ड केलेलं लिबफ्रीनेक्ट

दिवाळीच्या सुट्टीनंतर ताईचा फोन आला, मी दुकानाचं शटर ओढतच होतो. ताई वाईजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवते, सातवीला समोच्च रेषांचा (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) धडा असतो. म्हणाली, "अरे, पोरं रेषा काढतात, आकडेपण बरोबर टाकतात, पण डोंगर दिसत नाही रे त्यांना त्यात. फळ्यावर काढलेल्या कांद्याच्या चकत्या वाटतात त्यांना. तुझ्याकडं बघ ना काही कॅमेऱ्याचं वगैरे असेल तर."

माझ्याकडं खरंच होतं. मामेभावानं बेंगळुरूला जाताना एक्सबॉक्स ३६० (मायक्रोसॉफ्टचा टीव्हीला जोडून खेळायचा गेमचा डबा) विकला आणि त्याच्या बरोबरचा किनेक्ट कुणी घेईना म्हणून माझ्या दुकानात ठेवून गेला, तो दोन वर्षं माळ्यावर खोक्यात पडून होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, किनेक्ट म्हणजे आडव्या पट्टीसारखा कॅमेरा, टीव्हीखाली ठेवायचा आणि समोर उड्या मारून गेम खेळायचा. पण त्याच्या पोटात आहे तो भारी सेन्सर आहे. एका बाजूनं तो डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड ठिपके समोर फेकतो, हजारो, दुसऱ्या बाजूचा कॅमेरा ते ठिपके कुठं सरकलेत ते बघतो, आणि त्या सरकण्यावरून समोरची प्रत्येक गोष्ट किती लांब आहे ते काढतो. ६४० बाय ४८० चं चित्र, सेकंदाला ३० वेळा. म्हणजे प्रत्येक चित्रात ३ लाख ७ हजार २०० अंतरं, आणि हे सगळं माळ्यावर धूळ खात होतं.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमध्ये ऑलिव्हर क्रेलोस यांनी हाच किनेक्ट वाळूच्या पेटीवर टांगून वर प्रोजेक्टर लावून समोच्च रेषा थेट वाळूवर पाडल्या होत्या, त्याचे व्हिडिओ मी बघितले होते. त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि प्रोजेक्टर डोक्यावर टांगावा लागतो. आमच्याकडं माझा जुना आय-३ लॅपटॉप आणि शाळेचा भिंतीवर चित्र पाडणारा प्रोजेक्टर. म्हटलं रेषा वाळूवर नको, भिंतीवर पडल्या तरी चालतील, वाळूत हात घातला की भिंतीवर रेषा हलली पाहिजे, एवढंच आपल्याला हवं.

त्यासाठी लिबफ्रीनेक्ट लागतं, किनेक्टशी बोलणारी ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा तयार, सगळ्यांना खुला कोड. ती कशी आली हे मला फार आवडतं म्हणून थोडं थांबतो. ४ नोव्हेंबर २०१० ला किनेक्ट अमेरिकेत विक्रीला आला, फक्त एक्सबॉक्ससाठी. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या अ‍ॅडाफ्रूट कंपनीनं जाहीर केलं की याचा खुला ड्रायव्हर (कॉम्प्युटरला यंत्राशी बोलायला लावणारा प्रोग्राम) जो लिहील त्याला हजार डॉलर. पुढं ते बक्षीस तीन हजारांवर गेलं. १० नोव्हेंबरला युरोपात विक्री सुरू झाली आणि स्पेनच्या हेक्टर मार्टिननं त्याच दिवशी काही तासांत किनेक्टमधून रंगीत चित्र आणि अंतराचं चित्र दोन्ही काढून दाखवलं, कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्याच कोडवरून ही लायब्ररी आणि ओपनकिनेक्ट नावाचा गट उभा राहिला. मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये किनेक्ट बनवणं बंद केलं तरी आज उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर, तो चालतो, कारण कोड उघडा आहे आणि कुणीतरी तो सांभाळत असतं.

आता मूळ विषय. उबुंटूत तयार पॅकेज मिळतं, ते मी टाकलं, पण मला पायथन ३ या प्रोग्रामिंगच्या भाषेतून अंतरं वाचायची होती आणि तो भाग तयार पॅकेजबरोबर आला नाही. म्हणून ठरवलं की सोर्सवरूनच बिल्ड करायचं, म्हणजे मूळ कोड आणून आपल्याच मशीनवर कंपाइल करून लायब्ररी बांधायची. आणि आधीच सांगतो, पहिल्यांदा करणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही, लायब्ररी छोटी आहे, कंपाइल व्हायला माझ्या लॅपटॉपवर एक मिनिटपण लागलं नाही. वेळ गेला तो आजूबाजूच्या गोष्टींत.

सगळ्यात पहिली गोष्ट तर सॉफ्टवेअरचीच नव्हती. किनेक्ट लावला, टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी यंत्रांची यादी देणारी कमांड) मारलं, तर यादीत एक्सबॉक्स मोटर एवढंच दिसतंय. कॅमेरा नाही, ऑडिओ नाही. मला वाटलं कॅमेरा गेला. मग कळलं की किनेक्ट म्हणजे आत एक हब आणि त्याला तीन वेगळी यंत्रं, मोटर, कॅमेरा आणि ऑडिओ. मोटर यूएसबीच्या करंटवर जागी होते, बाकीच्यांना बाहेरून १२ व्होल्ट लागतात. एक्सबॉक्स ३६० च्या नंतरच्या मॉडेलला हा करंट त्याच्या खास पोर्टातूनच मिळायचा त्यामुळं भावाकडं अ‍ॅडॅप्टर नव्हताच. एका टोकाला किनेक्टचा तो तिरका सॉकेट, दुसऱ्या टोकाला यूएसबी आणि भिंतीतला प्लग, अशी वायर ऑनलाइन मागवली, आठवड्यानं आली. लावल्याबरोबर तीनही नावं यादीत. तेव्हा तुमच्याकडं फक्त मोटर दिसत असेल तर कोडला हात लावू नका, आधी करंट बघा.

खाली स्टँडच्या बुडाला लेबल असतं त्यावर मॉडेल नंबर बघून घ्या. माझा १४१४ निघाला, तो सोपा. १४७३ असेल तर मोटर आणि दिवा ऑडिओच्या वाटेनं चालतात आणि त्याला वेगळं फर्मवेअर (यंत्राच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) आधी द्यावं लागतं, लायब्ररीबरोबर ते आणायची स्क्रिप्ट येते. अंतर मात्र दोन्हीत मिळतं.

मग गिटवरून कोड खाली घेतला, बिल्ड नावाचा फोल्डर केला, आत जाऊन सीमेक (बिल्डची तयारी करणारा प्रोग्राम) चालवलं. लगेच लाल. लिबयूएसबी (यूएसबी यंत्रांशी बोलणारी लायब्ररी) सापडत नाही म्हणे, लायब्ररी पण नाही आणि इन्क्लूड फोल्डर पण नाही. मी बघतो तर लिबयूएसबी मशीनवर आहेच! अर्धा तास इथं गेला. जे प्रोग्राम फक्त चालवायचेत त्यांना लिबयूएसबीची तयार फाइल पुरते, पण नवीन प्रोग्राम बांधायचा असेल तर कंपायलरला हेडर फाइली लागतात, कोणतं फंक्शन काय घेतं काय देतं ते सांगणाऱ्या, आणि उबुंटू त्या वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतं, नावाच्या शेवटी डेव्ह असतं. जेवायला गेल्यावर ताट समोर आलं की झालं, पण स्वयंपाक करायचा तर शिधा लागतो, तसंच हे. लिबयूएसबीचं डेव्ह पॅकेज टाकलं, त्याबरोबर फ्रीग्लट, एक्सएमयू, एक्सआय यांची डेव्ह पॅकेजं, बिल्ड-इसेन्शियल आणि पॅकेज-कॉन्फिग पण टाकून घेतलं. फ्रीग्लट विसरू नका, त्याच्याशिवाय ग्लव्ह्यू (किनेक्टचं चित्र दाखवणारा छोटा प्रोग्राम, लायब्ररीबरोबरच येतो) बनत नाही, आणि चित्र डोळ्यानं बघायचं तर ग्लव्ह्यूच हवं.

दुसऱ्यांदा सीमेक नीट गेलं. मेक मारलं म्हणजे कंपाइल सुरू, टक्के पळत गेले, शंभर. मग सुडो मेक इन्स्टॉल, सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कानं. फार बरं वाटलं तेव्हा.

ग्लव्ह्यू चालवलं तर उघडलं, पण मला शंका आली की हे माझं आहे का आधीच्या पॅकेजचं. बघितलं तर खरंच, मशीनवर आता दोन-दोन लिबफ्रीनेक्ट झाले होते, एक पॅकेजनं टाकलेलं, एक मी यूएसआर-लोकल फोल्डरमध्ये टाकलेलं, आणि कोणता प्रोग्राम कोणतं उचलतोय याचा पत्ता नाही. ही गोष्ट मी दुकानात गिऱ्हाइकांच्या मशीनवर इतक्या वेळा बघितलीये की लगेच जुनं पॅकेज काढून टाकलं. तुम्हीपण सोर्सवरून करणार असाल तर आधीचं काढूनच सुरुवात करा.

जुनं काढल्यावर ग्लव्ह्यू बंदच पडलं. शेअर्ड लायब्ररी लोड करता येत नाही, अशी फाइल नाही. फाइल तर मी स्वतः आत्ता टाकलेली, एलएस मारलं की दिसतेय. कारण असं की लिनक्स प्रत्येक वेळी सगळे फोल्डर शोधत बसत नाही, कुठली लायब्ररी कुठं आहे त्याची एक यादी करून ठेवतं आणि त्या यादीतच बघतं. नवीन फाइल यादीत चढवायला सुडो एलडीकॉन्फिग मारावं लागतं, पॅकेजवाले ते आपोआप करतात, आपण हातानं टाकलं की आपणच मारायचं. एक ओळ, आणि ग्लव्ह्यू परत चालू. किमान लोड झालं, कारण पुढं लगेच म्हणालं डिव्हाइस उघडता येत नाही.

सुडो लावून चालवलं तर सरळ उघडलं. म्हणजे परवानगीचा प्रश्न. इथं बरेच जण सुडोवरच थांबतात, मला ते पटत नाही, शाळेत लॅपटॉपवर ताईनं दर वेळी अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकायचा का? लायब्ररीच्या सोर्समध्येच प्लॅटफॉर्म, लिनक्स, यूडेव्ह (लिनक्सचा जोडलेली यंत्रं सांभाळणारा भाग) असं आत गेलं की ५१-किनेक्ट नावाची रूल्स फाइल आहे. त्यात तीनही यंत्रांचे नंबर आणि त्यांना कुणी हात लावायचा ते लिहिलेलं आहे. ती ईटीसीमधल्या यूडेव्हच्या रूल्स फोल्डरमध्ये कॉपी केली, स्वतःला व्हिडिओ आणि प्लगडेव्ह ग्रुपमध्ये घातलं, लॉगआउट करून परत आलो, किनेक्टची वायर काढून परत लावली. वायर काढून लावायलाच लागते, कारण रूल वायर लावतानाच लागू होतो.

मग उणे सहा आला. कॅमेऱ्याचा इंटरफेस मिळत नाही, उणे सहा. इथं आकड्याला अर्थ आहे, लिबयूएसबीत उणे तीन म्हणजे परवानगी नाही आणि उणे सहा म्हणजे यंत्र दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात आहे. कुणाच्या? तर लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, किनेक्टचा एक छोटा ड्रायव्हर आहे, जीएसपीसीए-किनेक्ट, तो किनेक्टला साधा वेबकॅम समजून लावल्या लावल्या पकडून बसतो. एलएसमॉडमध्ये, म्हणजे चढलेल्या ड्रायव्हरांच्या यादीत, त्याचं नाव दिसलं. मॉडप्रोबनं तो उतरवला आणि परत चढू नये म्हणून ब्लॅकलिस्टमध्ये त्याची एक ओळ टाकली.

आणि मग चित्र आलं.

रात्रीचे साडेबारा वाजले होते, दुकानात मी एकटा. डाव्या बाजूला खोली रंगांत, जवळचं एका रंगात लांबचं दुसऱ्या, उजव्या बाजूला साधा कॅमेरा. मी हात पुढं केला तर हाताचा रंग बदलत गेला. की-बोर्डवर डब्ल्यू दाबलं की किनेक्ट मान वर करतो, एक्स दाबलं की खाली, ती मोटर इतकी वर्षं गप्प होती आणि आता घर्र करून हलली. मी बराच वेळ नुसता हात पुढं-मागं करत बसलो होतो.

पायथनचा भाग दुसऱ्या दिवशी. सीमेकला पायथन ३ चा पर्याय ऑन करून परत चालवायचं, त्याआधी सायथन आणि नम्पाय ही पायथनची जोडीची पॅकेजं मशीनवर हवीत. बिल्ड झालं, इन्स्टॉल झालं, पायथनमध्ये इम्पोर्ट केलं तर असं मॉड्यूलच नाही. इन्स्टॉल करताना शेवटी कुठली फाइल कुठं ठेवली ते छापून येतं, आपण ते कधी वाचत नाही. ते वाचलं तर मॉड्यूल एका फोल्डरमध्ये ठेवलंय आणि माझा पायथन दुसऱ्या फोल्डरमध्ये शोधतोय. पायथनपाथमध्ये (पायथननं कुठं शोधायचं त्या फोल्डरांची यादी) तो फोल्डर घातला आणि झालं.

आता मला सोर्स हातात असल्याचा खरा फायदा कुठं झाला ते सांगतो. पहिले जे आकडे आले ते ६००, ७५०, १०२० असे काहीतरी, आणि मध्येमध्ये २०४७. मी मीटरपट्टी घेऊन मोजत बसलो, ७५० म्हणजे किती? मीटरभर निघालं. ७०० म्हणजे? नव्वद सेंटिमीटरच्या जरा आत. सरळ प्रमाण बसेना. शेवटी लायब्ररीची हेडर फाइल उघडली, तिथं स्वच्छ लिहिलंय, कच्चा आकडा ११ बिटचा (० ते २०४७), आणि २०४७ म्हणजे त्या ठिकाणी वाचनच मिळालेलं नाही. त्याखालीच दुसरा फॉरमॅट दिलेला, सरळ मिलिमीटरमध्ये, त्यात वाचन नसेल तर शून्य. म्हणजे मी जे मीटरपट्टीनं शोधत होतो ते गणित लायब्ररीनं करून ठेवलंय, फक्त मागताना मिलिमीटर मागायचे. कच्चा आकडा अंतर नसून ठिपका किती सरकला त्याचं माप आहे, म्हणून जवळ बारीक आणि लांब जाडं होत जातं. एक मीटरवर आकडा एकानं बदलला तर साधारण तीन मिलिमीटरचा फरक, तीन मीटरवर तोच फरक अडीच सेंटिमीटरच्या घरात जातो. म्हणजे आपली वाळूची पेटी कॅमेऱ्यापासून मीटरभरच ठेवायची हे तिथंच ठरलं.

पायथनचा प्रोग्राम चाळीसेक ओळींचा. रिकाम्या सपाट वाळूचं माप एकदा घेऊन ठेवायचं, मग दर सेकंदाला ३० चित्रं घ्यायची, शून्यं बाजूला काढायची, प्रत्येक ठिकाणचे उरलेले आकडे क्रमानं लावून मधला धरायचा, सपाटीतून वजा केला की उंची मिळते. मॅटप्लॉटलिबला (पायथनमधली आलेख काढणारी लायब्ररी) सांगितलं दर दोन सेंटिमीटरला एक रेषा काढ आणि आत रंग भर, खाली हिरवा, वर तपकिरी, पुस्तकातल्या नकाशासारखाच. मधला आकडा घेण्याचं कारण असं की सुरुवातीला मी एकेकच चित्र घेत होतो तेव्हा रेषा सारख्या थरथरायच्या, आणि पोरांचा हात पेटीवरून गेला तरी डोंगर उभा राहायचा. ३० चा मधला घेतला की चटकन गेलेला हात गाळला जातो.

पेटी आमच्या सुतारमामांनी केली, तीन फूट बाय दोन फूट, प्लायवूडची, आतून प्लास्टिक. वर लाकडी चौकट, तिला किनेक्ट खाली तोंड करून बांधला. वाळू ताईच्या शेजारी बांधकाम चालू होतं तिथून चार घमेली आणली, चाळून घेतली, हलकं पाणी शिंपडलं म्हणजे उतार टिकतो.

शनिवारी सकाळी शाळेत लावलं तर चित्राच्या मधोमध मोठं काळं भोक. वायर बघितली, प्रोग्राम बघितला, मग वर बघितलं तर खिडकीतून कोवळं ऊन बरोबर पेटीवर पडलेलं. उन्हात इन्फ्रारेड इतकं असतं की किनेक्टचे ठिपके त्यात बुडून जातात. शाळेच्या मामांनी खिडकीला सतरंजी बांधली आणि भोक गेलं. डोंगराच्या एका अंगाला बारीक काळी सावली मात्र राहते, ती जात नाही, कारण ठिपके एकीकडून येतात आणि कॅमेरा दुसरीकडून बघतो, मधल्या उंचवट्याच्या आड जे लपतं ते त्याला दिसत नाही. ताईनं पोरांना ते पण सांगितलं.

पहिल्यांदा पोरांनी शंकूसारखा ढीग केला, भिंतीवर एकात एक गोल आले. मग ताई म्हणाली, "आता टेबललँड करा बरं." पाचगणीचं पठार या पोरांना पाठ आहे, पसरणीचा घाट चढला की समोर. तिघांनी दोन्ही हातांनी वाळू दाबून वरून सपाट केली आणि कडा पाटीनं सरळ कापल्या. भिंतीवरच्या चित्रात मधोमध एकही रेषा नाही, नुसता मोकळा तपकिरी रंग, आणि कडेला सगळ्या रेषा एकमेकींना चिकटून जाड दोरीसारख्या. वर्गात एकदम शांत झालं. मागं उभी असलेली एक मुलगी पुढं आली, भिंतीवर त्या दोरीवर बोट ठेवून म्हणाली, "बाई, हा कडा आहे. इथनं खाली बघितलं की पोटात गोळा येतो ते हे." मग तिनंच पेटीत कड्याला एक बोट ओढून घळ केली आणि भिंतीवर त्या जाड दोरीला आत वाकलेला व्ही आला, सगळी पोरं ओरडली, "ओढा! ओढा!"

ताईनं मग त्यांना पुस्तकातला नकाशा उघडायला लावला आणि ओढे शोधायला सांगितले. मी मागं लॅपटॉपजवळ बसून ऐकत होतो, पोरं पानावर बोटं फिरवत होती.

तो लॅपटॉप आता शाळेतच ठेवलाय. सगळ्या कमांडी, कोणती पॅकेजं टाकली, कोणता एरर आला आणि तो का आला, हे एका वहीत उतरवून ताईच्या कपाटात ठेवलंय, कारण उबुंटू कधीतरी अपडेट होणार, पायथन बदलला की तो भाग परत बिल्ड करावा लागणार, आणि तेव्हा मी तिथं असेनच असं नाही. पुढच्या शनिवारी नववीचा वर्ग आहे. त्यांनी विचारलंय की पाऊस कुठून वाहील ते दाखवता येईल का, म्हणजे प्रत्येक ठिकाणावरून सगळ्यात खालच्या शेजाऱ्याकडं पाणी ढकलत न्यायचं, तो भाग सध्या लिहितोय, कड्यावर नीट चालतंय, सपाट पठारावर पाणी अजून जागच्या जागी गोल फिरतंय.